छापखान्यातील जुन्या संगणकाची पार्टिशने टर्मिनलवरून कशी जपावीत?

अक्षरजुळणी | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार. सातारा जिल्ह्यात आमचा लहानसा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडलवर खिळे जुळवून सुरू केलेले काम २००५ साली संगणकावर आले आणि तेव्हा घेतलेला संगणक अजूनही चालू आहे. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे मराठी फाँट आहेत. फाँटचे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला लावलेल्या डाँगलशिवाय (सॉफ्टवेअरची किल्ली असलेल्या छोट्या उपकरणाशिवाय) उघडत नाही आणि त्याची मूळ सीडी आता वाचली जात नाही. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशा हजारो फाइली त्या एकाच यंत्रावर नीट उघडतात; दुसरीकडे उघडल्या की ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते.

डिस्क ८० जीबीची, चपट्या केबलची आहे. त्यावर २० जीबीचे सी आणि उरलेल्या जागेचे डी अशी दोन पार्टिशने, म्हणजे डिस्कचे दोन भाग, आहेत. गेल्या पंधरा दिवसांपासून यंत्र सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागतात आणि मधूनच डिस्कमधून टक-टक असा आवाज येतो. भाच्याने पेन ड्राइव्हवर लिनक्स घालून दिले आहे आणि टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टंकून, पार्टिशनची इमेज (जशीच्या तशी प्रत असलेली फाइल) घेता येते असे तो सांगतो.

माझे प्रश्न असे आहेत: इमेज घेण्यासाठी डीडी हे साधन वापरावे की पार्टक्लोन? पार्टिशन वेगवेगळी घ्यावीत की सगळी डिस्क? आणि त्या इमेजवरून नव्या डिस्कवर एक्सपी पुन्हा सुरू होईल का? नुसत्या फाइली वाचून माझे भागणार नाही, ते यंत्र जसे आहे तसे मला हवे आहे.

---

विदाराखण | सोमवार, रात्री ९.३५

सर्वांत आधी तो संगणक बंद करा आणि डिस्क बाहेर काढेपर्यंत पुन्हा सुरू करू नका. टक-टक आवाज हे वाचणारे डोके एकच जागा पुन्हा पुन्हा शोधत असल्याचे लक्षण असते, आणि एक्सपी नुसते सुरू झाले तरी शेकडो ठिकाणी लिहीत असते. विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे चेकडिस्क तर मुळीच चालवू नका. ते फाइल सिस्टिम (फाइली कुठे आहेत याची डिस्कवरची व्यवस्था) सुसंगत करण्यासाठी दुवे तोडते, आणि आजारी डिस्कवर तोडलेला दुवा परत मिळत नाही.

तुमच्या बाबतीत पहिले साधन डीडी नाही आणि पार्टक्लोनही नाही. पहिले साधन ग्नू डीडीरेस्क्यू आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्याच्या पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू असे आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यू अशीच द्यायची. अधोरेखा असलेले डीडी_रेस्क्यू हा वेगळ्या लेखकाचा वेगळा प्रोग्राम आहे, त्यामुळे नावात गल्लत करू नका.

डीडी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत जाते आणि वाचनात चूक आली की थांबते. ‘नोएरर’ आणि ‘सिंक’ हे पर्याय दिले तर ती पुढे जाते, पण चुकलेल्या ब्लॉकच्या (एका वेळी वाचायच्या तुकड्याच्या) जागी शून्ये भरते. वेग वाढावा म्हणून आपण ब्लॉक ४ एमबीचा ठेवलेला असेल तर ५१२ बाइटांच्या एका खराब सेक्टरपायी (डिस्कच्या सर्वांत लहान कप्प्यापायी) भोवतालची चांगली माहितीसुद्धा शून्यांखाली जाऊ शकते. ‘सिंक’ वगळून केवळ ‘नोएरर’ दिले तर आणखी वाईट, कारण वाचता न आलेला भाग गाळला जाऊन पुढचे सगळे मागे सरकते आणि इमेजमधली एकही गोष्ट आपल्या जागी राहत नाही.

डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत सहज वाचता येईल ते सगळे उचलते आणि अडले की ती जागा सोडून पुढे जाते. नंतरच्या फेऱ्यांत ते खराब भागांच्या कडा कुरतडत आत शिरते आणि शेवटी एकेक सेक्टर वाचून पाहते. कुठे काय वाचले याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम राहिले तिथून सुरू होते. ती मॅप फाइल न दिल्यास ही सगळी सोय हातची जाते.

---

टर्मिनलप्रेमी | सोमवार, रात्री १०.०५

विदाराखण यांचा सल्ला सावधपणाचा आहे, पण मला एक हरकत नोंदवायची आहे. ८० जीबीच्या डिस्कवर निम्मी जागा रिकामी असेल तर ती रिकामी जागा वाचण्यासाठी मरणाऱ्या डिस्कला का राबवावे? पार्टक्लोन फाइल सिस्टिमचा नकाशा पाहून फक्त वापरलेले ब्लॉक उचलते. एनटीएफएस, एक्स्ट ४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, फॅट अशा बऱ्याच फाइल सिस्टिम त्याला समजतात, आणि त्यातल्या ‘रेस्क्यू’ या पर्यायाने ते वाचनातल्या चुकांवरूनही पुढे जाते. मी गेली सहा-सात वर्षे घरच्या आणि कामाच्या सगळ्या यंत्रांच्या इमेज पार्टक्लोननेच घेतो आणि मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

---

विदाराखण | सोमवार, रात्री १०.२५

धडधाकट डिस्कसाठी मीही पार्टक्लोनच सुचवले असते. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात ते घडले आहे, सबंध डिस्कच्या प्रती घेणारे क्लोनझिला त्याच्याच आधारावर उभे आहे आणि रोजच्या बॅकअपसाठी त्याच्या तोडीचे साधन मला माहीत नाही. अडचण अशी आहे की पार्टक्लोन फाइल सिस्टिमने दिलेल्या नकाशावर विश्वास ठेवते. तो नकाशाच खराब सेक्टरवर असेल तर ते सुरुवातीलाच अडते, आणि वाचनात अडले तर त्या जागी मागाहून परत येण्याची डीडीरेस्क्यूसारखी पद्धत त्याच्याकडे नाही.

तुमचा रिकाम्या जागेचा मुद्दा मात्र पूर्ण योग्य आहे आणि त्यावर दोन्ही साधने जोडून घेणारा मार्ग उपलब्ध आहे. पार्टक्लोनच्या ‘डोमेन’ या पर्यायाने प्रत्यक्ष माहिती न उचलता वापरलेल्या ब्लॉकची यादी तयार होते, आणि ती यादी डीडीरेस्क्यूला दिली की ते आधी तेवढाच भाग वाचते. ८० जीबीसाठी इतका खटाटोप करावा असे मला वाटत नाही. दोन-चार टीबीची डिस्क असती तर मी नक्की केला असता.

---

टर्मिनलप्रेमी | सोमवार, रात्री १०.४०

डोमेनचा हा उपयोग मला माहीत नव्हता. हरकत मागे घेतो.

---

संगणकशिक्षिका | मंगळवार, सकाळी ७.५०

मी तालुक्याच्या गावी संगणक वर्ग चालवते. आमच्या पिढीला हा विषय ‘घोस्ट मारणे’ या नावानेच ठाऊक आहे. एका यंत्रावर सगळे बसवायचे, त्याची इमेज घ्यायची आणि बाकीच्या यंत्रांवर ती उतरवायची. आता मी तेच काम पार्टक्लोनने करते. माझ्या अनुभवातल्या एका चुकीची नोंद इथे असावी असे वाटते.

पहिल्यांदा इमेज घेतली तेव्हा ती बाहेरच्या डिस्कवर साठवत होते आणि ती डिस्क फॅट ३२ प्रकारची होती. काम छान चालले होते आणि बरोबर ४ जीबीला येऊन थांबले. फॅट ३२ वर एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊच शकत नाही, हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होते, पण त्या क्षणी आठवले नाही. त्यावर दोन उपाय आहेत: साठवणुकीची डिस्क एक्स्ट ४ किंवा एनटीएफएस करून घ्यायची, किंवा पार्टक्लोनचे आउटपुट पाइपमधून ‘स्प्लिट’ला देऊन २-२ जीबीचे तुकडे पाडायचे. रिस्टोअर करताना ‘कॅट’ने तुकडे त्याच क्रमाने जोडून परत पार्टक्लोनकडे पाठवता येतात. मध्ये जीझिप किंवा झेडस्टँडर्ड घातले तर जागाही वाचते. बहुगाभ्यांच्या प्रोसेसरवर झेडस्टँडर्ड मला पुष्कळ वेगवान वाटले.

अक्षरजुळणी दादा, तुम्ही इमेज कशावर साठवणार आहात, ते एकदा पाहून घ्या.

---

सह्यकडा | मंगळवार, सकाळी ९.२०

कोणत्याही साधनापूर्वी डिस्कची ओळख पटवण्यावर मला बोलायचे आहे, कारण या विषयातली सर्वांत मोठी हानी तिथे होते. डीडीमध्ये ‘आयएफ’ म्हणजे जिथून वाचायचे ते आणि ‘ओएफ’ म्हणजे जिथे लिहायचे ते. या दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क तुमच्या डिस्कवर लिहिली जाते, आणि डीडी एका शब्दानेही विचारत नाही. डीडीरेस्क्यू निदान लिहिण्याचे ठिकाण प्रत्यक्ष डिस्क असेल तर ‘फोर्स’ मागितल्याशिवाय हलत नाही.

माझ्या हातून अक्षरांची अदलाबदल झाली नव्हती. मी आदल्या रात्री नावे नीट पाहून कागदावर लिहून ठेवली होती: एसडीबी जुनी, एसडीसी नवी. सकाळी यंत्र पुन्हा सुरू केले, कमांड कागदावरून जशीच्या तशी उतरवली आणि एंटर दाबले. रात्रीतून नावे फिरली होती. लिनक्समध्ये ही अक्षरे डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात, आणि दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या व एकाच क्षमतेच्या असल्याने पडद्यावर काही वेगळे दिसले नाही. बहिणीच्या प्रबंधासाठी तिने केलेल्या मुलाखतींचे दोन वर्षांचे ध्वनिमुद्रण त्या डिस्कवर होते. मी चाळीस सेकंदांत कंट्रोल-सी दाबले, पण तोपर्यंत पार्टिशनचा तक्ता आणि पहिले तीन-चार जीबी गेले होते. पुढे तिच्या बऱ्याच फाइली मिळाल्या, सगळ्या मिळाल्या नाहीत, आणि ज्या मिळाल्या नाहीत त्यांत ज्यांची मुलाखत होती ते एक आजोबा तोवर वारले होते.

तेव्हापासून मी डिस्कच्या अंगावरच्या चिकटपट्टीवरचा अनुक्रमांक वाचतो, डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ला मॉडेल आणि सिरियल दाखवायला सांगून तो जुळवतो, आणि कमांडमध्ये एसडीबीसारखे नाव न लिहिता ‘बाय-आयडी’ या फोल्डरमधले अनुक्रमांक असलेले लांबलचक नाव लिहितो. ते नाव टंकायला त्रास होतो, पण ते फिरत नाही. याच कारणाने मी इथे कोणतीही तयार कमांड देत नाही. कमांड ज्याची त्याने मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडे ठेवून, आपल्या डिस्कचे नाव आपल्या डोळ्यांनी वाचून लिहावी.

---

अक्षरजुळणी | मंगळवार, दुपारी १.१५

सगळ्यांचे आभार. सह्यकडा, तुमचा अनुभव वाचून मी जुन्या डिस्कवर लाल आणि नव्या डिस्कवर हिरवी चिकटपट्टी लावली आहे आणि अनुक्रमांक वहीत लिहून घेतले आहेत.

यंत्र कालपासून बंद आहे. चपट्या केबलची डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर साताऱ्यात मिळाला, त्याला वीजपुरवठ्याची वेगळी वायर आहे. बाहेरची डिस्क १ टीबीची असून शिक्षिका ताईंनी म्हटल्याप्रमाणे पाहिले तर ती खरोखरच फॅट ३२ निघाली, म्हणून ती रिकामी करून एक्स्ट ४ केली. आता अजून काही राहिले आहे का?

---

विदाराखण | मंगळवार, दुपारी २.००

दोन गोष्टी राहिल्या आहेत. डिस्कवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा, कारण पुष्कळ अडॅप्टरना स्लेव्हवर असलेली डिस्क दिसतच नाही. दुसरे म्हणजे, लिनक्सचा डेस्कटॉप नवी डिस्क दिसली की ती आपोआप माउंट करू पाहतो, म्हणजे वापरासाठी उघडू पाहतो, आणि एनटीएफएस पार्टिशन लिहिण्याच्या परवानगीने माउंट झाले की त्यावर काही ना काही लिहिले जाते. आपोआप माउंट होण्याची सोय आधी बंद करा. ‘ब्लॉकडेव्ह’ने ती डिस्क फक्त वाचनासाठी ठरवून टाकलीत तर आणखी चांगले.

मग डिस्कची प्रकृती सांगणारे ‘स्मार्टसीटीएल’ चालवून पाहा. पाचव्या क्रमांकाच्या ओळीत बदली दिलेले सेक्टर असतात आणि १९७ व्या क्रमांकाच्या ओळीत वाचता न आलेले व निर्णयाच्या प्रतीक्षेतले सेक्टर असतात. १९९ चा आकडा मोठा असेल तर केबलवरही संशय घ्या. काही अडॅप्टर ही माहिती पुढे पाठवत नाहीत, तेव्हा ती दिसली नाही तर वेळ दवडू नका.

पार्टिशन वेगवेगळी घेऊ नका. सबंध डिस्कची एकच इमेज घ्या.

---

दूरदेशी | मंगळवार, रात्री ११.३०

इकडे कॅलिफोर्नियात सकाळ आहे, त्यामुळे थोडा उशिरा सहभागी होतो आहे. धाग्याचा विषय जुन्या यंत्राचा असला तरी आजच्या लॅपटॉपवर हेच काम करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केलेले यंत्र पूर्ण बंद झालेले नसते आणि एनटीएफएस अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते. ते आधी पूर्ण बंद करूनच इमेज घ्यावी.

पार्टिशन एन्क्रिप्ट केलेले असेल तर पार्टक्लोनला आतली फाइल सिस्टिम दिसत नाही आणि रिकाम्या जागेसह सगळे उचलावे लागते, शिवाय ते दाबून लहानही होत नाही. लिनक्सचे लक्स एन्क्रिप्शन वापरणाऱ्यांनी त्याच्या हेडरची वेगळी प्रत ‘क्रिप्टसेटअप’ने घेऊन ठेवावी. तेवढा भाग खराब झाला तर पासवर्ड पाठ असूनही दार उघडत नाही.

इमेज रिस्टोअर केल्यावर मूळ आणि नवीन पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच असतो, हेही विसरू नये. एक्सएफएस तसे दुसरे पार्टिशन माउंट करायला नकार देते. बीटीआरएफएस मात्र दोन्हींना एकच समजून गोंधळू शकते आणि त्यात माहिती बिघडू शकते, म्हणून अशा दोन डिस्क एका वेळी एका यंत्राला जोडू नयेत.

---

स्वराक्षर | बुधवार, सकाळी ८.१०

दूरदेशी यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक्सपीपुरती जोड देते. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूट कोड, चार बाइटांची डिस्कची सही आणि ६४ बाइटांचा पार्टिशन तक्ता असतो. एक्सपी त्या सहीवरून आणि पार्टिशन कुठे सुरू होते यावरून सी आणि डी ही अक्षरे ओळखते. जुनी आणि नवी अशा दोन्ही डिस्क एकदम लावून एक्सपी सुरू केले तर एकसारख्या सह्या पाहून ते एकीची सही बदलते आणि पुढे ती डिस्क सुरू होताना अक्षरांचा घोळ होऊ शकतो. इमेज घेऊन झाल्यावर जुनी डिस्क कपाटात जाऊ द्यावी.

मूळ प्रश्नाच्या तिसऱ्या भागावर, म्हणजे एक्सपी पुन्हा सुरू होईल का यावर, अजून कोणी लिहिलेले नाही. एक्सपीने बनवलेले पहिले पार्टिशन सहसा ६३ व्या सेक्टरपासून सुरू होते. आजची साधने ते २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतात. एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्ये आपले पार्टिशन कुठून सुरू होते याचा आकडा लिहिलेला असतो. नव्या जागी केवळ पार्टिशन रिस्टोअर केले की सगळ्या फाइली लिनक्समधून व्यवस्थित दिसतात, पण तो आकडा जुनाच राहिल्याने यंत्र सुरू होत नाही. म्हणून ‘एसएफडिस्क’ने तक्त्याची मजकूररूपी प्रत घेऊन ठेवावी आणि तोच तक्ता नव्या डिस्कवर उतरवावा. सबंध डिस्कची इमेज घेतली असेल तर हा तक्ता त्यात आपोआप येतोच, तरी मजकुराची प्रत हाताशी असावी. ती फक्त काही ओळींची असते.

नवी डिस्क लहानच घ्यावी. ३२ बिटी एक्सपीला जीपीटी हा नव्या प्रकारचा पार्टिशन तक्ता वापरता येत नाही, आणि सर्व्हिस पॅक १ आधीच्या एक्सपीला १३७ जीबीच्या पुढचे दिसत नाही.

---

वाशिष्ठीकाठ | बुधवार, सकाळी १०.४५

मी तांत्रिक माणूस नाही, पण चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आमच्या दुकानात डोक्याच्या वर चढले. संगणकाची बॅकअप डिस्क होती आणि मुलाने ती दर महिन्याला नेमाने घेतलेली होती. ती संगणकाच्या टेबलाखालच्या खणात ठेवलेली होती. पाणी ओसरल्यावर खण उघडला तर चिखलाने भरलेला होता आणि डिस्क त्यात रुतलेली होती. मुलाने ती धुऊन, वाळवून पाहिली, उपयोग झाला नाही. आमचे उधारीचे सगळे खाते त्यात गेले, आणि लोकांनी आपण होऊन सांगितले तेवढेच पैसे परत आले. पुष्कळांनी सांगितले, हेही मी इथे लिहून ठेवतो.

अक्षरजुळणी, दुसरी प्रत छापखान्यात ठेवू नका. घरीही नको, घर शेजारीच असेल तर.

---

संगणकशिक्षिका | बुधवार, सकाळी ११.१०

काका, हे वाचून मी आत्ताच वर्गातल्या कपाटातली डिस्क पिशवीत घातली. संध्याकाळी माहेरी नेऊन ठेवते.

---

अक्षरजुळणी | शुक्रवार, रात्री ८.३०

काय झाले ते सविस्तर सांगतो.

बुधवारी संध्याकाळी डीडीरेस्क्यू सुरू केले. पहिली फेरी तीन तासांहून थोडी अधिक चालली आणि शेवटी सुमारे ४१ एमबी वाचायचे राहिले. पडद्यावर वेगाचा आकडा मध्येच शून्यावर यायचा, डिस्क टक-टक करायची आणि मग पुन्हा आकडा चढायचा. रात्री सव्वाअकराला आमच्या भागातली वीज गेली आणि पाऊण तासाने आली. विदाराखण, मॅप फाइलबद्दल तुम्ही लिहिले नसते तर मी सगळे पुन्हा पहिल्यापासून केले असते. तीच कमांड दिली आणि काम राहिले तिथून सुरू झाले. गुरुवारी दुपारपर्यंत एकेका सेक्टरची फेरी आणि तीन वेळा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न संपला. शेवटी १९६ केबी, म्हणजे ३९२ सेक्टर, वाचता आले नाहीत. बाकी सगळे आले.

त्यानंतर भाच्याने घाई केली. नव्या १२० जीबीच्या एसएसडीवर त्याने आपल्या साधनाने पार्टिशने बनवली, इमेजमधून सी आणि डी वेगवेगळी पार्टक्लोनने उतरवली आणि एसएसडी कन्व्हर्टर लावून जुन्या यंत्रात बसवली. काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहिली. लिनक्समधून पाहिले तर प्रत्येक फाइल जागेवर होती. मग स्वराक्षर यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला आणि तक्ता पाहिला, तर पार्टिशन २०४८ पासून सुरू झालेले होते.

आता दोन प्रश्न आहेत. बूट सेक्टरमधला तो आकडा दुरुस्त करावा की सगळे पुसून पुन्हा करावे? आणि न वाचलेले ३९२ सेक्टर कोणत्या फाइलींत आहेत, हे कसे कळेल?

---

स्वराक्षर | शुक्रवार, रात्री ९.०५

आकडा दुरुस्त करण्यासाठी पार्टक्लोनसोबतच एनटीएफएसफिक्सबूट नावाचे साधन येते, पण तुमच्याकडे सबंध इमेज असताना मी त्या वाटेला गेले नसते. इमेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एसएसडीवर लिहा. इथे डीडी अगदी योग्य आहे, कारण वाचायची फाइल निरोगी आहे. ब्लॉक ४ एमबीचा ठेवा आणि प्रगती दाखवायचा पर्याय द्या. १२० जीबीमधली उरलेली जागा रिकामी राहील, ती राहू द्या.

---

विदाराखण | शुक्रवार, रात्री ९.३०

लिहिण्यापूर्वी इमेजची ‘एसएचए २५६’ बेरीज (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून वहीत लिहून ठेवा आणि मूळ इमेज फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवा. यापुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करा.

खराब सेक्टरच्या फाइली शोधण्याची डीडीरेस्क्यूच्याच माहितीपुस्तिकेत दिलेली पद्धत फार सुंदर आहे. इमेजच्या प्रतीवर त्याचा ‘फिल मोड’ चालवायचा आणि मॅप फाइलमध्ये खराब म्हणून नोंदलेल्या प्रत्येक सेक्टरमध्ये एखादे असे वाक्य भरायचे, जे तुमच्या कोणत्याही फाइलीत असू शकत नाही. मग ‘लूप’ जोडणीने प्रतीतली पार्टिशने फक्त वाचनासाठी माउंट करायची आणि ‘ग्रेप’ने सगळ्या फाइलींत ते वाक्य शोधायचे. ज्या फाइलीत ते सापडेल ती जखमी. कुठेच सापडले नाही तर तो सेक्टर रिकाम्या जागेत किंवा फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींत होता.

---

टर्मिनलप्रेमी | शनिवार, सकाळी ७.४०

एसएसडी एकदा चालू झाली की पुढच्या मासिक बॅकअपला तरी पार्टक्लोन वापरा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचे, म्हणजे पार्टिशन माउंट केलेले नसते, आणि फक्त वापरलेले ब्लॉक झेडस्टँडर्डमधून उचलायचे. घेतलेली इमेज लगेच ‘चेकइमेज’ने तपासा. आणि रिस्टोअर करताना लक्ष्याचे पार्टिशन मूळच्या इतके किंवा त्याहून मोठेच लागते. लहान चालत नाही, आत कितीही जागा रिकामी असली तरी. लहान पार्टिशनवर उतरवायचे असेल तर एफएसआर्काइव्हर हे फाइलींच्या पातळीवर काम करणारे साधन आहे, पण त्यातला एनटीएफएसचा आधार प्रायोगिक आहे, म्हणून छापखान्याच्या यंत्रासाठी ते मी सुचवत नाही.

---

अक्षरजुळणी | रविवार, दुपारी ४.२०

एक्सपी सुरू झाले.

सबंध इमेज शुक्रवारी रात्रीच लिहिली. शनिवारी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळ्या पडद्यावर चेकडिस्क आपणहून आले. इमेज सुरक्षित असल्याने ते होऊ दिले. नंतर पेजमेकर उघडले, डाँगल ओळखला गेला, आणि २००७ सालची एक लग्नपत्रिका उघडून पाहिली. गणपतीच्या चित्राखालची वेलांटी आणि रफार जागच्या जागी होते. वडील शेजारी उभे होते. त्यांनी ती पत्रिका छापायला सांगितली आणि कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले, कारण ती आमच्या आत्याच्या मुलीची होती.

खराब सेक्टर शोधताना एकूण तीन फाइली सापडल्या. दोन विंडोजच्या मदतीच्या फाइली होत्या, त्यांचे दुःख नाही. तिसरी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची आहे; तिची पाने १४ ते १७ उघडत नाहीत. छापील प्रत शाळेच्या कपाटात आहे असे मुख्याध्यापकांनी सांगितले, ती पाने पुन्हा जुळवून घेईन.

इमेजची दुसरी प्रत पुण्याला बहिणीकडे पाठवतो आहे. वाशिष्ठीकाठ काका, ती दुसऱ्या मजल्यावर राहते.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, सायंकाळी ५.००

बरे वाटले. आत्याबाईंच्या मुलीला पत्रिकेची एक प्रत पाठवा.

---

स्वराक्षर | रविवार, सायंकाळी ५.४५

पार्सलमध्ये डिस्कसोबत मॅप फाइल, बेरजेचा आकडा आणि एसएफडिस्कचा तक्ता कागदावर लिहून ठेवा. डिस्क हातात आली तरी ती कशाची आहे आणि कशी उतरवायची, हे दहा वर्षांनी कोणाला आठवणार नाही.

---

अक्षरजुळणी | रविवार, रात्री ८.१५

लिहिले नाही, छापले आहे. जाड कार्डशीटवर, एका बाजूला तक्ता आणि बेरीज, दुसऱ्या बाजूला कमांडचा क्रम आणि लाल-हिरव्या चिकटपट्टीचा खुलासा. ते त्याच जुन्या यंत्रावर जुळवले आहे.